भिंतीवरचे बटण आणि त्यामागचा रिले

घरातले दिवे, पंखे आणि पाण्याचा पंप स्वतः जमवलेल्या यंत्रसामग्रीवर चालवण्याचा नाद मला २०१९ मध्ये लागला. आमचे घर दादरला, एका जुन्या पाच मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे आणि घरात आई, धाकटा भाऊ आणि मी असे तिघे राहतो. माझे हे काम पाहून ओळखीचे लोक जेव्हा चौकशी करतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: सुरुवातीला कोणता बोर्ड, म्हणजे उपकरणांना आज्ञा देणारे छोटे सर्किट, विकत घ्यावा? मला मात्र त्याच्याही आधीचा एक प्रश्न महत्त्वाचा वाटतो. घेतलेला बोर्ड उद्या बंद पडला, तर भिंतीवरचे बटण दाबून दिवा लागेल का? ज्या घरात वयस्कर माणसे आहेत, त्या घरात या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेच असले पाहिजे, आणि ते उत्तर प्रोग्रामवर अवलंबून न राहता थेट तारांच्या जोडणीतच असले पाहिजे, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

हे मत पहिल्या दिवशी नव्हते. सुरुवातीला मी स्विचबोर्डातून दोन दिव्यांच्या तारा काढल्या, त्या रिलेला, म्हणजे बोर्डाच्या आज्ञेने हलणाऱ्या स्विचला, जोडल्या आणि जुनी बटणे नुसती शोभेला ठेवली. दिवे मोबाइलवरून लागत होते आणि मला त्याचा फार आनंद झाला होता. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची आणि आसपासच्या भागांची वीज एकाच वेळी गेली, तो दिवस अनेकांच्या लक्षात असेल. आमच्याकडे वीज परत आली, तेव्हा राउटर सुरू व्हायला वेळ लागला, बोर्ड त्याच्या आधी जागे झाले आणि सुरू होताना रिलेने कोणत्या स्थितीत असावे, हे मी कधी ठरवलेच नव्हते, त्यामुळे आईच्या खोलीतला दिवा लागेना. तिने बटण चार-पाच वेळा खाली-वर केले आणि मग मला हाक मारली. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला स्वतःच्या घरात दिवा लावण्यासाठी दुसऱ्याला हाक मारावी लागावी, हे मला फार लागले.

त्यानंतर काही आठवड्यांनी राउटर बिघडला आणि दुसरी एक गोष्ट समोर आली. दर पंधरा मिनिटांनी दिवा क्षणभर विझून पुन्हा लागे. त्याचे कारण शोधायला मला एक अख्खा दिवस लागला. बोर्डाचा प्रोग्राम तयार करण्यासाठी मी वापरत असलेल्या ईएसपीहोम या प्रणालीत अशी योजना आहे, की वायफाय किंवा मुख्य संगणकाशी संपर्क तुटलेला राहिला, तर पंधरा मिनिटांनी बोर्ड स्वतःला नव्याने सुरू करून घेतो. ही योजना अडकलेल्या बोर्डासाठी चांगली आहे, पण दिव्याच्या रिलेसाठी अजिबात योग्य नाही. ती मुदत शून्य केली की हे थांबते. ईएसपीहोम वापरणाऱ्या प्रत्येकाने वायफाय आणि एपीआय (मुख्य संगणकाशी बोलण्याची वाट) या दोन्ही ठिकाणची ही मुदत आधी पाहून घ्यावी, कारण ती आपण लिहिली नाही तरी लागू असते.

मूळ उपाय मात्र मला प्रोग्रामात सापडला नाही. तो आमच्या इमारतीत गेली अनेक वर्षे काम करणाऱ्या वायरमनकाकांनी सांगितला. मी त्यांना दोन खोल्यांमध्ये वायर ओढून देण्यासाठी बोलावले होते. स्विचबोर्ड उघडून त्यांनी माझी जोडणी बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, “ताई, जिन्याला आपण जसं करतो, तसंच करा की. खालून लावा, वरून विझवा.”

जिन्यातल्या दिव्याची जोडणी आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेली असते. खाली एक आणि वर एक अशी दोन टू-वे बटणे असतात, त्यांच्यामध्ये दोन तारा धावतात आणि कोणतेही एक बटण हलवले की दिव्याची अवस्था बदलते. बाजारात मिळणाऱ्या साध्या पाच व्होल्टच्या रिलेलाही भाराच्या बाजूला कॉमन, एनओ (वीज नसताना कॉमनपासून सुटलेले) आणि एनसी (वीज नसताना कॉमनला जोडलेले) अशी तीनच टोके असतात, म्हणजे तो विजेने हलणारे टू-वे बटणच असतो. मग जिन्यातल्या एका बटणाच्या जागी रिले ठेवायचा. फेजची तार भिंतीवरच्या टू-वे बटणाच्या मधल्या टोकाला द्यायची, त्या बटणाची बाहेरची दोन टोके रिलेच्या एनओ आणि एनसीला जोडायची आणि रिलेच्या कॉमनमधून निघालेली तार दिव्याकडे न्यायची. यासाठी भिंतीवरचे साधे बटण काढून तीन टोकांचे टू-वे बटण बसवावे लागते, जे दिसायला हुबेहूब तसेच असते आणि लोहार चाळीत कोणत्याही दुकानात मिळते.

या जोडणीचा गुण असा, की इलेक्ट्रॉनिक्स पूर्णपणे मेले तरी रिलेची पट्टी स्प्रिंगच्या ताणाने एनसीवर येऊन थांबते आणि भिंतीवरचे बटण नेहमीसारखे काम करू लागते. बोर्ड मरताना दिवा एनओच्या वाटेने जळत असेल तर तो एकदा विझेल, पण बटण हलवताच पुन्हा लागेल. आईला राउटर, सर्व्हर किंवा मोबाइल यांतले काहीही ठाऊक असण्याची गरज उरत नाही.

या सोयीची एक किंमत आहे. जिन्याच्या जोडणीत नुसत्या रिलेच्या स्थितीवरून दिवा लागला आहे की नाही, हे कळत नाही, कारण ते भिंतीवरच्या बटणावरही अवलंबून असते. ‘रात्री अकराला सगळे दिवे विझव’ असा हुकूम दिला आणि बोर्डाने आंधळेपणाने रिले उलटा केला, तर विझलेला दिवा लागेल. म्हणून दिव्याकडे जाणाऱ्या तारेवर वीज आहे की नाही, हे वेगळे पाहावे लागते. त्यासाठी मी पीसी८१७ हा छोटा ऑप्टोकपलर, म्हणजे प्रकाशाने निरोप पलीकडे नेणारा भाग, वापरते. दिव्याच्या बाजूने मोठ्या रोधांमधून अगदी थोडा प्रवाह त्याच्या आतल्या एलईडीला मिळतो आणि दुसऱ्या बाजूला, २३० व्होल्टपासून पूर्ण विलग राहून, बोर्डाला सेकंदाला ५० ठोके मिळतात. ठोके येत असतील तर दिवा लागलेला आहे, येत नसतील तर विझलेला आहे. रोध एकच न घेता दोन एकापुढे एक घ्यावेत, कारण साध्या रोधाला सोसणारा दाब मर्यादित असतो. शिवाय उलट्या अर्ध्या फेऱ्यात एलईडी जळून जाऊ नये म्हणून तिच्या आडवा एक डायोड लावावा. आता प्रोग्राम आधी दिव्याची खरी अवस्था पाहतो आणि गरज असेल तरच रिले हलवतो. हे काम किचकट आहे, पण संपूर्ण घरात सर्वांत जास्त समाधान मला याच चार-पाच रुपयांच्या भागाने दिले आहे.

रिलेवर १० अँपिअर लिहिलेले असते आणि त्यावर फार लोक विसंबतात. गीझर २००० वॉटचा असेल तर तो जवळजवळ ९ अँपिअर घेतो आणि ३००० वॉटचा असेल तर १३. अशा भाराला त्या निळ्या रिलेच्या पट्ट्या आणि त्या खालच्या सर्किटवरचा तांब्याचा पातळ थर तापतो. म्हणून १६ अँपिअरच्या सॉकेटवर चालणारी कोणतीही वस्तू मी रिलेवर थेट कधीच ठेवत नाही. रिलेने फक्त कॉन्टॅक्टरची (जड भारासाठीच्या मोठ्या रिलेची) कॉइल ओढावी आणि खरा भार कॉन्टॅक्टरने उचलावा. पंख्याचे आणि मोटारीचे दुखणे आणखी वेगळे आहे. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा बंद केला की शेजारचा बोर्ड गोठून जाई. मोटारीच्या वेटोळ्यांत साठलेली ऊर्जा पट्ट्या उघडताना ठिणगी होऊन बाहेर पडते आणि तिचा झटका बोर्डापर्यंत पोहोचतो. पट्ट्यांच्या आडवा ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स२ वर्गाचा कपॅसिटर आणि १०० ओहमचा रोध असे ठिणगी शोषणारे स्नबर लावल्यापासून तो त्रास थांबला. कपॅसिटर एक्स२ वर्गाचाच घ्यावा, कारण तो विजेच्या थेट दाबावर सतत राहण्यासाठीच बनवलेला असतो.

आता बोर्डाकडे वळते. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी८२६६ ही चिप २०१४ मध्ये बाजारात आली आणि घरगुती स्वयंचलनाचे काम सामान्य माणसाच्या खिशाला परवडू लागले. २०१६ मध्ये तिची मोठी बहीण ईएसपी३२ आली. एका खोलीतल्या चार रिलेंसाठी ईएसपी८२६६ पुरते. तिच्या पायांबद्दल मात्र काळजी घ्यावी लागते. जीपीआयओ (बाहेरच्या भागांना जोडायचे पाय) ०, २ आणि १५ हे पाय सुरू होताना कोणत्या पातळीवर आहेत, यावरून ती चिप कोणत्या रीतीने जागे व्हायचे ते ठरवते. या पायांवर रिले लावला तर बोर्ड कधी सुरूच होत नाही, कधी सुरू होताना रिले टकटक वाजतो. जीपीआयओ ४ आणि ५, म्हणजे नोडएमसीयू या तयार बोर्डावर डी२ आणि डी१ लिहिलेले पाय, रिलेसाठी सर्वांत निर्धोक आहेत. चिप ३.३ व्होल्टची आणि रिले ५ व्होल्टचा असल्यामुळे जेडी-व्हीसीसीचा (काढला की रिलेची वीज वेगळी होते असा) जंपर असलेला रिले-बोर्ड घ्यावा, जंपर काढावा, रिलेला ५ आणि ऑप्टोकपलरच्या बाजूला ३.३ व्होल्ट द्यावेत.

बोर्ड आणि रिले यांना वीज पुरवण्यासाठी मी हाय-लिंकचे पीएम०१ हे छोटे काळे ठोकळे वापरते. ते २३० व्होल्टमधून ५ व्होल्ट आणि ६०० मिलीअँपिअर देतात. वायफायवर बोलताना ईएसपी८२६६ क्षणभर ३०० मिलीअँपिअरच्या आसपास ओढते, शिवाय प्रत्येक रिले सुमारे ७० मिलीअँपिअर घेतो, म्हणून चार रिले एकदम लागले की हिशोब काठावर येतो. मी एका ठोकळ्यावर तीनपेक्षा जास्त रिले ठेवत नाही आणि त्याच्या आधी फ्यूज आणि वॅरिस्टर (विजेचा अचानक झटका शोषणारा भाग) लावल्याशिवाय तो भिंतीत जाऊ देत नाही.

हे सगळे सामान मी बहुतेक लॅमिंग्टन रोडवरून आणते. रस्त्याचे आजचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असले तरी ग्रँट रोड स्टेशनवर उतरून विचारायचे ते लॅमिंग्टन रोडच. घरपोच मागवलेले कधीकधी स्वस्त पडते, पण रिलेचा आवाज कानाने ऐकून, कपॅसिटरवरचा वर्ग डोळ्यांनी वाचून घेण्याची सोय दुकानातच आहे, आणि जिथे २३० व्होल्ट आहेत तिथे मी ही सोय सोडत नाही.

जुन्या इमारतीतली खरी अडचण न्यूट्रलची, म्हणजे वीज परत नेणाऱ्या तारेची, असते. ज्या स्विचबोर्डात सॉकेट आहे तिथे न्यूट्रल असतोच, पण पॅसेजमधल्या एकट्या दिव्याच्या बटणात फक्त फेजची येणारी आणि जाणारी तार सापडते. न्यूट्रलशिवाय चालणारे तयार स्विच मिळतात. ते दिव्यातूनच थोडा प्रवाह सतत वाहू देऊन जगतात आणि त्यामुळे कमी वॉटचा एलईडी दिवा विझल्यावरही मिणमिणतो. आमच्या पॅसेजच्या पाइपात आणखी एक तार ओढायला जागा नव्हती. तो दिवा मी आहे तसाच सोडला आहे.

दुसरी अडचण ओलीची. आमच्या पश्चिमेच्या भिंतीवर पावसाळ्यात थेट मारा होतो आणि त्या भिंतीतल्या स्विचबोर्डात मी बसवलेल्या पहिल्या सर्किटवर ऑगस्ट संपायच्या आत हिरवट थर धरला होता. समुद्राजवळच्या हवेत क्षार असतात, त्यात पावसाची दमट हवा, त्यामुळे सोल्डरचे सांधे लवकर खराब होतात. आता प्रत्येक सर्किट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, वाळवून, त्यावर संरक्षक लेप फवारल्यावरच आत जाते. रिलेच्या आणि जोडणीच्या टोकांवर मात्र लेप जाऊ देत नाही.

पाण्याचा पंप हे आमच्या इमारतीचे काम असल्यामुळे त्यासाठी सोसायटीच्या समितीची परवानगी घेतली. पालिकेचे पाणी ठरावीक वेळेला खालच्या टाकीत येते, तिथून पंपाने गच्चीवर चढते. पूर्वी पंप वेळेवर बंद झाला नाही की गच्चीवरून पाणी वाहून जाई, आणि सात तलावांतून इतक्या लांबून आलेले पाणी गटारात जाताना पाहून वाईट वाटत असे. टाकीतली पातळी मोजायला मी जेएसएन-एसआर०४टी हा पाणी-निरोधक अल्ट्रासोनिक सेन्सर लावला. आवाज जाऊन परत यायला दर सेंटिमीटरला साधारण ५८ मायक्रोसेकंद लागतात, त्यावरून अंतर निघते. पण हवा एक अंश तापली की आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो, आणि मे महिन्यात उन्हात तापलेल्या टाकीत हा फरक दीड मीटरच्या अंतरावर काही सेंटिमीटरचा होतो. म्हणून शेजारी डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर ठेवून हिशोब दुरुस्त करते. सेन्सरच्या तोंडावर वाफेचे थेंब जमले की एखादे मोजमाप भलतेच येते, त्यासाठी सात मोजमापे घेऊन त्यातले मधले धरते. या सेन्सरला जवळची २० ते २५ सेंटिमीटरची पट्टी दिसत नाही, त्यामुळे तो टाकीच्या भरलेल्या पातळीपासून तेवढा वर उचलून बसवावा लागतो. गच्चीपर्यंत वायफाय नीट पोहोचत नव्हते, तेव्हा आपल्याकडे परवान्याशिवाय वापरता येणाऱ्या ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातले लोरा (लांब पल्ल्याच्या रेडिओचे) मॉड्यूल वापरले. पाच मजल्यांच्या स्लॅबमधून त्याचा निरोप व्यवस्थित खाली येतो.

एवढे सगळे असूनही पंप थांबवण्याची शेवटची जबाबदारी मी यांतल्या कशावरच ठेवलेली नाही. वरच्या आणि खालच्या टाकीत एकेक फ्लोट स्विच आहे आणि ते दोन्ही कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या वाटेत एकापुढे एक जोडलेले आहेत. वरची टाकी भरली किंवा खालची रिकामी झाली, की बोर्ड काहीही म्हणत असला तरी कॉइलची वीज तुटते. वॉचमनकाकांचे हाताने चालवायचे बटण आणि माझा रिले हे दोघे एकमेकांना समांतर जोडलेले आहेत, पण दोघांनाही फ्लोटच्या पलीकडे जाता येत नाही.

सेन्सरांबद्दल थोडक्यात सांगते. माणसाची चाहूल घेणारा पीआयआर सेन्सर शरीराची आणि आसपासची उष्णता यांतला फरक ओळखतो, त्यामुळे मुंबईच्या मे महिन्यात, भिंतीच तापलेल्या असताना, तो मंद होतो. २४ गिगाहर्ट्झचा एलडी२४१० हा रडार सेन्सर स्थिर बसलेल्या माणसाचा श्वासही ओळखतो, पण त्याला फिरता पंखा आणि हलता पडदाही माणूस वाटू शकतो. तो पंख्याकडे पाठ करून लावावा आणि त्याची संवेदनशीलता अंतराच्या प्रत्येक टप्प्यासाठी वेगळी ठरवावी. ओलाव्यासाठी डीएचटी११ घेऊ नये, आपल्या पावसाळ्यात त्याचे आकडे भरवशाचे राहत नाहीत. बॉशचा बीएमई२८० महाग आहे, पण माझ्याकडे तो चौथा पावसाळा पाहतो आहे.

गॅसच्या सेन्सरबद्दल मात्र थोडे अधिक लिहिणे आवश्यक आहे. पाइपने येणारा गॅस मुख्यतः मिथेन असतो, तो हवेपेक्षा हलका असल्यामुळे वर छताकडे जातो; सिलिंडरमधला गॅस जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो. म्हणून पाइपच्या गॅससाठी एमक्यू-४ वर छताजवळ आणि सिलिंडरसाठी एमक्यू-६ खाली जमिनीजवळ बसवावा लागतो. मी अनेक ठिकाणी असे पाहिले, की गॅस कळताच एक्झॉस्ट पंखा आपोआप सुरू करण्याची जोडणी लोक अभिमानाने दाखवतात. कृपया असे करू नये. गॅस भरलेल्या खोलीत रिलेची किंवा पंख्याची एक ठिणगी पुरेशी असते. माझ्याकडे गॅस कळला की फक्त घराबाहेरच्या पॅसेजमध्ये भोंगा वाजतो आणि मोबाइलवर निरोप येतो. स्वयंपाकघरातले काहीही चालू किंवा बंद होत नाही. खात्रीच्या सुरक्षिततेसाठी प्रमाणित गॅस डिटेक्टर वेगळा बसवला आहे, कारण एमक्यू सेन्सर शिकण्यासाठी चांगले असले तरी जीव त्यांच्या हवाली करता येत नाही.

या सगळ्यांना एकत्र ठेवणारा मुख्य संगणक म्हणजे रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक आहे, त्यावर होम असिस्टंट हा घराचे स्वयंचलन सांभाळणारा प्रोग्राम चालतो. त्याचे पहिले एसडी कार्ड सततच्या लिखाणाने दीड वर्षात गेले, तेव्हापासून एसएसडी वापरते. बोर्डांमधले काही निरोप एमक्यूटीटी या निरोप पाठवण्याच्या पद्धतीने जातात. ही पद्धत १९९९ मध्ये तेलाच्या पाइपलाइनवर उपग्रहाच्या महागड्या, तुटक संपर्कातून आकडे मिळवण्यासाठी तयार झाली होती. तिच्यात ‘शेवटची इच्छा’ नावाची सोय आहे: एखादे उपकरण न सांगता गप्प झाले, तर त्याने आधीच ठेवून दिलेला निरोप सर्व्हर इतरांना कळवतो. गच्चीवरच्या निरोपांसाठी खाली ठेवलेला बोर्ड मेला की मला असेच कळते. बॅटरीवर चालणारी दाराची आणि खिडक्यांची सेन्सरे झिगबी या कमी विजेत चालणाऱ्या बिनतारी पद्धतीवर आहेत. आमच्या इमारतीत वायफायची इतकी दाटी आहे, की झिगबी अकराव्या वाहिनीवर ठेवली तेव्हा निरोप हरवत होते. वायफायच्या वाहिन्या १, ६ आणि ११ यांच्या वर, झिगबीच्या २५व्या वाहिनीवर नेल्यावर ते व्यवस्थित येऊ लागले.

प्रत्येक स्विचबोर्डाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मी जोडणीचे रेखाचित्र, तारांचे रंग, कोणता एमसीबी बंद करायचा ते आणि तारीख लिहिलेला कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून चिकटवला आहे, तोही मराठीतच. गेल्या महिन्यात मी गावाला गेले असताना आईच्या खोलीतला एक रिले चिकटून बसला. बटणाने दिवा लागत-विझत होता, फक्त रात्री अकराला तो आपोआप विझत नव्हता. वायरमनकाकांनी झाकण उघडले, कागद वाचला, रिले बदलला आणि कागदावर स्वतःच्या अक्षरात नवी तारीख टाकली.